बिनपगारी रजा आणि बेरोजगारी भत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागला की बुटीबोरी, हिंगणा, देवळी आणि नांदगाव पेठ येथील कारखान्यांच्या हजेरीपटावर खाडे वाढू लागतात. पाच-सात एकरांचे वावर असलेला कामगार पेरणीसाठी गावी जातो, दिवाळीनंतर कापसाच्या वेच्यासाठी पुन्हा जातो, आणि पगारी रजा संपलेली असल्यामुळे ते दिवस बिनपगारी रजेत लिहिले जातात. अशा काळात सरकारकडून काही भत्ता मिळतो का, आणि पुढे नोकरी खरोखरच गेली तर या रजेचा काही परिणाम होतो का, असे दोन प्रश्न सतत विचारले जातात. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे, म्हणून पुढील बहुतेक मजकूर त्याविषयीच आहे.

मी कारखान्यात कामाला आहे आणि दोन महिन्यांची बिनपगारी रजा मंजूर करून घेतली आहे. या दोन महिन्यांत मला बेरोजगारी भत्ता मिळेल का?

नाही. पगार मिळत नसला तरी आपली नोकरी चालू आहे, आपले नाव हजेरीपटावर आहे आणि रजा संपल्यावर कामावर परत घेणे मालकावर बंधनकारक आहे. भत्त्याच्या योजना नोकरी गेलेल्या माणसासाठी आहेत, पगार थांबलेल्या माणसासाठी नाहीत.

मग नोकरी गेल्यावर भत्ता देणारी योजना नेमकी कोणती?

खासगी कारखान्यात किंवा आस्थापनेत काम करणाऱ्या आणि ज्याच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात होते अशा कामगारासाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. ही योजना १ जुलै २०१८ पासून प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली आहे, त्यामुळे दावा करण्यापूर्वी ती चालू मुदतीत आहे याची महामंडळाच्या शाखा कार्यालयात खात्री करून घ्यावी. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के मदत मिळत असे. २४ मार्च २०२० पासून, म्हणजे कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळापासून, ती ५० टक्के करण्यात आली. ही मदत संपूर्ण आयुष्यात मिळून जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळते.

ईएसआयची कपात मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगारांना लागू होते. त्यात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसत नसेल, तर पुढील बराचसा मजकूर आपल्याला लागू होत नाही.

या योजनेसाठी पात्रतेच्या अटी काय आहेत?

नोकरी जाण्यापूर्वी किमान दोन वर्षे आपण विमापात्र नोकरीत असले पाहिजे. नोकरी गेली त्याच्या लगतच्या आधीच्या अंशदान कालावधीत किमान ७८ दिवसांचे अंशदान, म्हणजे ईएसआयची वर्गणी, भरलेले असले पाहिजे. त्याशिवाय त्या दोन वर्षांतील उरलेल्या तीन अंशदान कालावधींपैकी किमान एकात तरी ७८ दिवस भरलेले असले पाहिजेत.

अंशदान कालावधी वर्षातून दोन असतात : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. या तारखा लक्षात ठेवाव्यात, कारण विदर्भातील शेतीचे वेळापत्रक त्यांत असे बसते की पेरणी, डवरणी आणि निंदण पहिल्या कालावधीत येते, तर सोयाबीनची सोंगणी, कापसाचा वेचा आणि तुरीचे काम मुख्यत्वे दुसऱ्या कालावधीत येते.

रजेच्या दिवसांचे अंशदान भरले जात नाही का?

अंशदान वेतनावर आकारले जाते. वेतन नाही तर अंशदान नाही, आणि अंशदान नाही तर तो दिवस ७८ मध्ये धरला जात नाही. पगारी रजेचा दिवस धरला जातो, बिनपगारी रजेचा नाही. रजा मंजूर होती, अर्ज दिला होता, साहेबांनी सही केली होती, या गोष्टींनी नोकरी सुरक्षित राहते, पण दिवस वाढत नाहीत.

हे एखाद्या उदाहरणाने सांगता येईल का?

समजा, एका कामगाराने एप्रिल आणि मे महिन्यांत प्रत्येकी २६ दिवस भरले, जूनमध्ये ८ दिवस काम करून तो पेरणीला गेला आणि १ सप्टेंबरला परतून त्याने त्या महिन्यात २६ दिवस भरले. त्याचे एकूण ८६ दिवस झाले, म्हणजे तो वाचला. त्याच्याच गावचा दुसरा कामगार पोळा आणि गणपती आटोपून २० सप्टेंबरला परतला आणि त्याचे सप्टेंबरचे ९ दिवसच भरले. त्याचे एकूण ६९ दिवस झाले. दोघांनाही नोव्हेंबरमध्ये कामावरून कमी करण्यात आले, तर त्यांच्यासाठी लगतचा आधीचा अंशदान कालावधी एप्रिल ते सप्टेंबर हाच आहे. पहिल्याला दावा करता येईल. दुसऱ्याने त्याआधीच्या तिन्ही कालावधींत एकही खाडा केलेला नसला, तरी त्याचा दावा लगतच्या कालावधीच्या अटीवर अडकेल.

हेच दोघे नोव्हेंबरऐवजी पुढच्या जुलैत कमी झाले असते, तर लगतचा आधीचा कालावधी ऑक्टोबर ते मार्च ठरला असता आणि पावसाळ्यातील रजेचा प्रश्न जवळपास मिटला असता. नोकरी कोणत्या महिन्यात जाईल हे कामगाराच्या हातात नसते. रजेवरून कोणत्या तारखेला परतायचे हे बहुधा असते. म्हणून सुचवणे एवढेच की लांब रजेवर जाण्यापूर्वी त्या सहामाहीत आपले किती दिवस भरले आहेत ते मोजून जावे, आणि ७८ पूर्ण होण्यास काही दिवस कमी पडत असतील तर तेवढे दिवस आधी भरावेत किंवा तेवढे दिवस लवकर परतावे. पेरणी थांबत नाही हे खरे आहे, परंतु निंदणासाठी मजूर लावून आठवडाभर आधी परतणे पुष्कळांना शक्य असते.

७८ दिवस भरले तर पूर्ण मदत मिळते का?

पात्रता मिळते, पण रक्कम कमी होते, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येते. रोजची सरासरी कमाई काढताना मागील चार अंशदान कालावधींतील एकूण कमाईला ७३० ने भागतात. बिनपगारी रजेमुळे वरची रक्कम घटते, भाजक मात्र ७३० च राहतो.

दरमहा १५,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराने दोन वर्षे सलग काम केले, तर त्याची एकूण कमाई ३,६०,००० रुपये होते. तिला ७३० ने भागल्यास रोजचे सुमारे ४९३ रुपये येतात, त्याचे निम्मे सुमारे २४६ रुपये, आणि ९० दिवसांची मदत सुमारे २२,१९० रुपये. त्याच कामगाराने दोन वर्षांत मिळून चार महिने बिनपगारी रजा घेतली असेल, तर एकूण कमाई ३,००,००० रुपये होते, रोजची मदत सुमारे २०५ रुपयांवर येते आणि ९० दिवसांचे सुमारे १८,४९० रुपये होतात. फरक ३,७०० रुपयांचा आहे. वेच्याच्या हंगामात घरची माणसे शेतात राहिल्याने वाचलेली मजुरी कदाचित याहून जास्त असेल, त्यामुळे रजा घेऊच नये असे कोणी म्हणणार नाही. हिशेब मात्र माहीत असावा.

मालकाने स्वतःच सांगितले, “महिनाभर घरी बसा, ऑर्डर नाही, पगार मिळणार नाही.” ही बिनपगारी रजा आहे का?

रजा म्हणजे कामगाराने मागितलेली गोष्ट. कच्चा माल नाही, वीज नाही, माल पडून आहे, यंत्र बिघडले आहे, अशा कारणांनी मालक काम देऊ शकत नसेल तर कायद्याच्या भाषेत तो ले-ऑफ होतो, आणि त्याचे नियम वेगळे आहेत. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला, आस्थापनेत ५० किंवा अधिक कामगार असतील आणि ती हंगामी नसेल, तर ले-ऑफच्या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या ५० टक्के भरपाई मिळण्याचा हक्क आहे. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. भरपाई मालकाने द्यायची असते, विमा महामंडळाने नव्हे.

येथे दोन गोष्टी जपाव्या लागतात. पहिली अशी की ले-ऑफच्या काळात ठरलेल्या वेळी दिवसातून किमान एकदा कारखान्यावर हजर राहण्याची अट असते, आणि ती न पाळल्यास भरपाईचा हक्क जाऊ शकतो. सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातील खेड्यातून फक्त हजेरी लावण्यासाठी रोज जाणे-येणे म्हणजे भरपाईतील बराच भाग बसच्या तिकिटात घालवणे आहे. त्यामुळे हजेरीची सूट मिळत असेल तर ती लेखी घ्यावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पुष्कळ ठिकाणी अशा वेळी कामगारांकडून छापील कागदावर “मला घरगुती कारणासाठी रजा पाहिजे” अशी सही घेतली जाते. त्या सहीने ले-ऑफची रजा होते आणि भरपाईचा प्रश्नच संपतो. जे मागितलेले नाही त्या अर्जावर सही करू नये.

ठेकेदार दर काही महिन्यांनी “ब्रेक” देतो आणि नंतर पुन्हा घेतो. ब्रेकच्या काळात आम्ही बेरोजगार समजले जातो का?

हे पूर्णपणे नोंदीवर अवलंबून आहे. ज्या महिन्यात कामगाराचे शून्य दिवस भरले असतील, त्या महिन्याच्या ईएसआयच्या विवरणात मालकाला किंवा ठेकेदाराला कारण निवडावे लागते. रजेवर, नोकरी सोडली, काम नाही, कामगार कपात, संप किंवा मालकाने केलेली टाळेबंदी, अशी ती कारणे असतात. “रजेवर” असे लिहिले असेल तर आपण नोकरीत आहात आणि मदतीचा प्रश्न येत नाही. “नोकरी सोडली” असे लिहिले असेल तर नोकरी संपल्याची नोंद होते, परंतु पुढे ती आपणच सोडली असा अर्थ निघण्याचा धोका राहतो. ब्रेक मिळताना तोंडी निरोपावर समाधान न मानता, काम नसल्यामुळे अमुक तारखेपासून कमी केले आहे अशा अर्थाची चिठ्ठी मागावी. ती मिळणे अवघड असते. निदान मोबाइलवर आलेला संदेश पुसून टाकू नये, हजेरी कार्डाचा फोटो काढून ठेवावा आणि आपल्या विमा क्रमांकाची नोंद अधूनमधून संकेतस्थळावर पाहावी.

ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक बदलत नाही. नव्या ठेकेदाराने नवा क्रमांक काढण्याची घाई केली तर जुना क्रमांक सांगावा, कारण दोन क्रमांकांवर विभागलेले दिवस दाव्याच्या वेळी जुळवताना फार त्रास होतो.

रजेवर असताना नोकरीवरून कमी केले तर?

कमी केल्याच्या तारखेपासून आपण बेरोजगार आहात. रजेवर होतो म्हणून हक्क जात नाही, वर सांगितलेल्या अटी मात्र पूर्ण झाल्या पाहिजेत. कारखानाच बंद झाला असेल किंवा कायदेशीर कपात झाली असेल, तर ईएसआयच्याच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचीही चौकशी अवश्य करावी. १ एप्रिल २००५ पासूनच्या या योजनेत पहिल्या १२ महिन्यांत सरासरी रोजच्या वेतनाच्या ५० टक्के आणि पुढील १२ महिन्यांत २५ टक्के भत्ता आहे, म्हणजे ९० दिवसांच्या मदतीपेक्षा कितीतरी अधिक. रोजगाराशी संबंध नसलेल्या अपघातात किमान ४० टक्के कायमचे अपंगत्व आल्यामुळे काम गेले असेल, तरीही ही योजना लागू होते.

रजा संपल्यावर पाऊस लांबला म्हणून मी आणखी वीस दिवस थांबलो. आता मालक म्हणतो की तुम्ही काम सोडले.

ही सर्वांत धोक्याची परिस्थिती आहे. स्वतःहून काम सोडून जाणाऱ्याला, शिस्तभंगाच्या कारवाईत काढून टाकलेल्याला, स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्याला, तसेच टाळेबंदीमुळे किंवा बेकायदेशीर ठरलेल्या संपामुळे काम थांबलेल्याला अटल योजनेत मदत मिळत नाही. न कळवता वाढवलेली रजा मालकाला “काम सोडले” असे लिहिण्याची आयती संधी देते. रजा वाढवायची असेल तर मुदत संपण्यापूर्वी लेखी कळवावे. गावातून पोस्टाने रजिस्टर पत्र पाठवून त्याची पावती जपावी, किंवा निदान व्हॉट्सॲपवर तारखेसह संदेश पाठवावा. मालकाने कामावर हजर होण्याची नोटीस पाठवली असेल तर तिला उत्तर दिल्याशिवाय राहू नये. नोटीस बहुधा कामावर लागताना दिलेल्या जुन्या पत्त्यावर जाते, हेही ध्यानात असावे.

मंजूर रजेने सेवेचा सलगपणा तुटत नाही. मंजुरी नसलेल्या गैरहजेरीला तेच संरक्षण मिळेल असे गृहीत धरू नये.

आजारपणामुळे बिनपगारी रजा घ्यावी लागली तर?

आजारपणासाठी बिनपगारी रजा घेणे ही बहुतेक वेळा चूकच असते. ईएसआयच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेतल्यास, संबंधित अंशदान कालावधीत ७८ दिवस भरलेल्या विमाधारकाला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपण लाभ मिळतो. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के दराने वाढीव लाभ आहे. खासगी दवाखान्यात पैसे खर्च करून आणि वर पगार बुडवून घरी बसलेले कामगार गावोगाव भेटतात, आणि त्यांच्या खिशात ईएसआयचे कार्ड असते. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेलाही हेच लागू होते. ती पगारी हक्काची बाब आहे, तिला बिनपगारी समजू नये.

आजारपण लाभ आणि बेरोजगारीची मदत एकाच काळासाठी घेता येत नाही.

चौकशी चालू असताना निलंबित केले आहे. ही बिनपगारी रजा का?

नाही. निलंबनाच्या काळात मालकाने निर्वाह भत्ता द्यायचा असतो : पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के, आणि चौकशी कामगाराच्या दोषाशिवाय लांबली तर त्यानंतर ७५ टक्के.

मी जिनिंगमध्ये काम करतो. हंगाम संपला की काम बंद होते. मला भत्ता मिळेल का?

केवळ कापसाचे जिनिंग आणि प्रेसिंग करणारे कारखाने कायद्याने हंगामी कारखाने समजले जातात आणि ते ईएसआयच्या कक्षेबाहेर आहेत. त्यामुळे हिंगणघाट, वणी, अकोट किंवा आर्वी येथील जिनिंगच्या कामगाराला अटल योजनेची मदत मिळत नाही. ज्या भागाची ओळखच कापूस आहे तेथील कापूस कामगाराला बेरोजगारीचे विमा संरक्षण नाही, ही गोष्ट योग्य आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही, पण कायद्याची आजची स्थिती तीच आहे. हंगामी कामगाराला उपदान (ग्रॅच्युइटी) मिळते. ते पूर्ण वर्षाच्या १५ दिवसांऐवजी दर हंगामासाठी ७ दिवसांच्या वेतनाइतके असते. जिनिंगबरोबर तेलगिरणी किंवा सूतगिरणी असेल तर परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून पगाराच्या चिठ्ठीवर कपात आहे का ते पाहावे.

रोजगार हमीचा बेरोजगार भत्ता यापेक्षा वेगळा आहे का?

होय, त्याचा नोकरीशी संबंध नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा आणि केंद्राचा २००५ चा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. २००५ च्या कायद्यातील तत्त्व असे होते की ग्रामीण कुटुंबातील प्रौढ व्यक्तीने अकुशल कामाची मागणी केल्यावर १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि त्यापुढे किमान निम्मा भत्ता देय होतो. येथे सारे काही मागणीच्या तारखेवर ठरते. “ग्रामसेवकाला सांगितले होते” याला किंमत नाही. नमुना ४ मध्ये लेखी मागणी आणि तारखेची पोच हवी. सध्या लागू असलेले दिवस आणि दर ग्रामरोजगार सेवकाकडून किंवा तहसील कार्यालयातून विचारून घ्यावेत.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे आणि असाधारण रजेवर आहे.

आपली सेवा चालू आहे आणि ईएसआय आपल्याला लागू नाही. आपली रजा महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ प्रमाणे चालते आणि तिच्यात बेरोजगारी भत्त्याला जागा नाही.

रजेच्या काळात पीएफ काढून घेतला तर चालेल का?

पीएफ हा भत्ता नव्हे, ते आपलेच पैसे आहेत. बिनपगारी दिवस तेथे अंशदानरहित दिवस म्हणून नोंदले जातात आणि निवृत्तिवेतनाच्या सेवेतून वजा होतात. शेवटच्या अंशदानाला दोन महिने झाल्यावर सभासदाला स्वतःच संकेतस्थळावर नोकरी सोडल्याची तारीख भरता येते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ऑनलाइन फॉर्म भरून देणारे काही जण पैसे लवकर निघावेत म्हणून ती भरून टाकतात. रजेवर असलेल्या कामगाराने असे कधीही करू देऊ नये. उद्या खरोखर कामावरून काढले गेले, तर आपण आधीच नोकरी सोडली होती असे सांगणारी नोंद आपल्याच हाताने झालेली असेल.

एका ठिकाणी रजेवर आणि दुसऱ्या ठिकाणी कामाला होतो. दुसरे काम सुटले तर?

दोन्हीकडे विमा असेल तर दोन्ही नोकऱ्या गेल्याशिवाय बेरोजगार समजले जात नाही.

दावा कसा आणि केव्हा करावा?

नोकरी गेल्यापासून ३० दिवस झाल्यावर. ईएसआयच्या संकेतस्थळावर विमा क्रमांकाने दावा भरून त्याची छापील प्रत, आधार आणि बँक पासबुकाची प्रत शाखा कार्यालयात द्यावी. शेवटच्या मालकाकडून दावा पुढे पाठवून घेण्याची अट २०२० मध्ये काढण्यात आली, त्यामुळे मालक सही देत नाही म्हणून घरी बसून राहण्याचे कारण नाही. रक्कम थेट बँक खात्यात येते. आधार आणि बँकेतील नावात फरक असेल, एकीकडे वडिलांचे नाव असेल आणि दुसरीकडे नसेल, तर तो आधीच दुरुस्त करून घ्यावा. मदतीच्या काळात पात्रतेनुसार वैद्यकीय लाभही चालू राहतो. नवी नोकरी लागली तर ते कळवावे, कारण त्या तारखेपासून मदत थांबते आणि खोटी माहिती दिल्यास हक्क कायमचा जाऊ शकतो.